फळमाशीची परराष्ट्रनीती

सांगोल्याचं नाव मराठ्यांच्या इतिहासात येतं ते एका करारासाठी. डिसेंबर १७४९मध्ये शाहू महाराज गेले, रामराजे साताऱ्याच्या गादीवर बसले, आणि प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याच्या किल्ल्यात ठाण मांडून पेशव्यांविरुद्ध उभे राहिले. सदाशिवरावभाऊ छत्रपतींना बरोबर घेऊनच सांगोल्यावर चालून गेले. यमाजींना नमावं लागलं आणि १७५०च्या सप्टेंबरात तिथे झालेल्या करारानं राज्यकारभाराची सूत्रं साताऱ्याहून पुण्याकडे सरकली. इतिहासाच्या अभ्यासकांना ‘सांगोल्याचा करार’ म्हटलं की हेच आठवतं.

या प्रकरणात सांगोला येतो तो वेगळ्याच करारनाम्यामुळे. तो ना सांगोल्यात झाला, ना त्याच्या नावात सांगोला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी डाळिंबाच्या निर्यातीसाठी एक कार्ययोजना आणि कामाची ठरीव पद्धत यांवर सह्या केल्या. जुलैमध्ये पहिला माल विमानानं गेला. ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे पहिली खेप निघाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोचली : तीन-तीन किलोच्या १९०० पेट्या, एकूण ५.७ टन, सोलापूर भागातल्या बागांमधला माल. त्याच्या आठवडाभर आधी, ६ जानेवारीला, ६.५६ टन भगवा डाळिंब समुद्रमार्गेच ब्रिस्बेनला उतरलं होतं. या समुद्री खेपांची माहिती देताना केंद्र सरकारनं ‘सांगोला आणि भगवा डाळिंब’ असे शब्द वापरले. तालुक्याचं नाव फळाला लागलं आणि फळाबरोबर थेट दक्षिण गोलार्धात गेलं.

दोन देशांचे संबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हस्तांदोलनं आणि संयुक्त निवेदनं येतात. ती खोटी नसतात. पण व्यापारापुरतं बोलायचं तर संबंध खरे कुठे जुळतात आणि कुठे अडतात, हे पाहायला सांगोल्याचं डाळिंब पंतप्रधानांच्या छायाचित्रांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

सांगोला हा माणदेशाचा भाग. माण नदी वर्षातले बरेच महिने कोरडी, पाऊस परतीचा आणि तोही बेभरवशाचा. शेजारच्या पंढरपूर-माळशिरसात कालव्याचं पाणी आणि ऊस. इथे ज्वारी, बाजरी, मेंढ्या आणि खिलार जनावरं. गणपतराव देशमुख या तालुक्यातून अकरा वेळा आमदार झाले आणि त्यांच्या राजकारणाचा बराचसा भाग पाणी मागण्यात गेला, यावरून काय ते समजावं. डाळिंब इथे पसरलं ते १९९०मध्ये आलेल्या, रोजगार हमीला जोडलेल्या फळबाग योजनेनंतर. मुरमाड, हलकी जमीन या पिकाला चालते, किंबहुना भारी काळ्या जमिनीपेक्षा मानवते. ठिबकवर भागतं. आणि मुख्य म्हणजे पाण्याचा ताण हा या पिकाचा शत्रू नाही. बहार धरायचा तर बागेचं पाणी मुद्दाम तोडावंच लागतं. दुष्काळाची सवय असलेल्या माणसाला असं पीक सापडलं. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबाच्या पैशातून उभे राहिलेले बंगले पाहायला लोक लांबून येत असत.

आधी ‘गणेश’ होता, पुण्याच्या गणेशखिंडीत निवड पद्धतीनं तयार झालेला. मग आरक्ता, मृदुला, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेला ‘भगवा’. भगव्यानं निर्यातीचं गणित बदललं. साल जाड आणि चकचकीत केशरी-लाल, म्हणजे प्रवासाला टिकाऊ. दाणा गडद लाल आणि मऊ, म्हणजे बी चावताना दाताखाली करकरत नाही. जगाच्या बाजारात अमेरिकेचं ‘वंडरफुल’ नावाचं वाण मोठं आहे, पण त्याची बी टणक. खाणाऱ्याला हा फरक पहिल्याच घासाला कळतो.

दुसरी जमेची बाजू बहाराची. डाळिंबाला वर्षात तीन बहार धरता येतात : आंबे, मृग आणि हस्त. मृगाचा बहार पावसाच्या पाण्यावर येतो आणि नोव्हेंबरपासून तोडणीला लागतो. ऑस्ट्रेलियातलं डाळिंब मात्र मार्च ते मे या काळात पिकतं, कारण तिथला शरद ऋतू तेव्हा असतो. म्हणजे सांगोल्याचं फळ सिडनीत पोचतं तेव्हा स्थानिक फळ बाजारात नसतं आणि तिथल्या बागायतदाराला या मालाची भीती बाळगायचं कारण उरत नाही. व्यापारी वाटाघाटीत ही गोष्ट सोन्यासारखी असते. ज्या मालामुळे समोरच्याचा शेतकरी रस्त्यावर उतरणार नाही, त्या मालाला दार उघडणं कुठल्याही मंत्र्याला सोपं जातं.

गिऱ्हाइकही आहे. २०२१च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६,७३,३५२ लोक ऑस्ट्रेलियात होते. परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल दुसरा क्रमांक. शिवाय सिडनीत लेबनॉनहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, इराण-अफगाणिस्तानातून आलेलेही बरेच आहेत. या सगळ्यांच्या घरी डाळिंब हे परदेशी कौतुकाचं फळ नाही, रोजच्या ओळखीचं आहे.

हे सगळं असूनही २०२४ उजाडावं लागलं. का, ते पाहायला थोडं मागे जाऊ.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांची ओळख जुनी, पण ती बराच काळ लंडनमार्फत झालेली. एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्समधून वेलर घोडे जहाजांनी भारतात येत, इथल्या ब्रिटिश फौजेसाठी. दोघेही क्रिकेट खेळणारे आणि राष्ट्रकुलातले, पण शीतयुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलिया अमेरिकेच्या गोटात आणि भारत अलिप्त. १९९८मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा ऑस्ट्रेलियानं आपले उच्चायुक्त परत बोलावले आणि संरक्षण संबंध थांबवले. भारताला युरेनियम विकण्याचा करार व्हायला २०१४ उजाडलं. व्यापार कराराची बोलणी २०११पासून सुरू होती. ती काही वर्षांत अडली, कारण ऑस्ट्रेलियाला भारतात दूध-लोणी-चीज विकायचं होतं आणि भारत त्याला तयार नव्हता. नोव्हेंबर २०१९मध्ये भारत आशियाई देशांच्या मोठ्या व्यापारगटातून, आरसेपमधून, बाहेर राहिला. त्यामागेही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती हे एक मोठं कारण होतं.

गाडं हललं ते चीनमुळे. कोविड कुठून आला याची चौकशी व्हावी असं २०२०मध्ये ऑस्ट्रेलियानं म्हटलं आणि त्यानंतर चीननं ऑस्ट्रेलियाच्या बार्ली, वाईन, कोळसा अशा एकेका मालाची कोंडी केली. सगळी अंडी एका टोपलीत ठेवल्याची किंमत कॅनबेराला कळली. भारताचंही त्या वर्षी चीनशी सीमेवर बिनसलं होतं. जूनमध्ये मोदी आणि स्कॉट मॉरिसन यांची दूरदृश्य परिषद झाली (त्याआधी मॉरिसन यांनी स्वतः बनवलेल्या समोशांचं छायाचित्र जगाला दाखवलं होतं, आणि ते शाकाहारी असल्याचं आवर्जून सांगितलं होतं). २ एप्रिल २०२२ रोजी पीयूष गोयल आणि डॅन टेहान यांनी आर्थिक सहकार्य आणि व्यापार करारावर सह्या केल्या. २९ डिसेंबर २०२२पासून तो अमलात आला. १ जानेवारी २०२६पासून भारताच्या सर्व मालाला ऑस्ट्रेलियात शून्य शुल्क आहे.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारू. या करारानं सांगोल्याच्या डाळिंबाला काय दिलं? थेट उत्तर : फार थोडं. ऑस्ट्रेलियाचं आयात शुल्क आधीपासूनच बहुतेक मालावर शून्य किंवा पाच टक्के होतं. डाळिंबाच्या वाटेत जकात नाका उभा नव्हताच. वाटेत उभी होती फळमाशी.

ऑस्ट्रेलिया हा चारी बाजूंनी समुद्र असलेला देश. शिकारीच्या हौसेसाठी १८५९मध्ये तिथे सोडलेल्या मूठभर सशांनी पुढे अर्धा खंड कुरतडला, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या जिवांबद्दल तिथे जो कडवेपणा आला तो आजवर गेलेला नाही. २०१५मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेप आपली दोन लहान कुत्री खासगी विमानातून न सांगता घेऊन आला, तर तिथल्या कृषिमंत्र्यांनी ती परत न्या, नाहीतर मारावी लागतील असं जाहीर बजावलं. कुत्री परत गेली. न्यूझीलंडसारख्या सख्ख्या शेजाऱ्याचं सफरचंद १९२१पासून एका झाडरोगाच्या कारणानं बंद होतं. जागतिक व्यापार संघटनेत खटला होऊन निकाल लागला तेव्हा, तब्बल नव्वद वर्षांनी, ते २०११मध्ये आत आलं.

याला निव्वळ आडमुठेपणा म्हणता येणार नाही, आणि निव्वळ विज्ञानही म्हणता येणार नाही. १९९५पासून लागू असलेल्या जागतिक नियमांनुसार कुठलाही देश कीड-रोगाच्या नावाखाली माल अडवू शकतो, पण त्याला शास्त्रीय आधार दाखवावा लागतो. मग आधार शोधण्याचं काम किती सावकाश करायचं, हे मात्र त्या देशाच्या हातात राहतं. आपण अर्ज करायचा. त्यांनी आपल्या फळावर येणाऱ्या प्रत्येक किडीची यादी करायची : फळमाशी, पिठ्या ढेकूण, कोळी, फळ पोखरणारी अळी. त्यातली कोणती ऑस्ट्रेलियात आधीच आहे, कोणती नाही, आली तर तगेल का, पसरेल का, नुकसान किती, हे एकेक तपासायचं. मसुदा जाहीर करून तिथल्या शेतकऱ्यांच्या हरकती मागवायच्या. मग अंतिम अहवाल, मग अटी, मग दोन्ही देशांच्या वनस्पती संरक्षण यंत्रणांची कार्ययोजना, मग पॅकहाऊसची तपासणी. फेब्रुवारी २०२४च्या त्या सह्या म्हणजे या लांबलचक रांगेच्या शेवटच्या टोकाचं काम. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर २०२२चा करार आला. सांगोल्याच्या कामाचा कागद हा दुसरा होता.

मराठी माणसाला हा अनुभव हापूसनं आधी दिलेला आहे. अमेरिकेत अनेक वर्षं बंद असलेला भारतीय आंबा २००७मध्ये पुन्हा गेला, तो लासलगावच्या केंद्रात किरणोत्सारी कोबाल्टच्या किरणांखालून काढून. या किरणांनी फळातली कीड निकामी होते, फळ किरणोत्सारी होत नाही. १ मे २०१४पासून युरोपनं काही महिने आपला आंबा बंद केला, कारण पुन्हा फळमाशीच. डाळिंबालाही अमेरिकेनं २०१७-१८च्या सुमारास दार लावलं आणि २०२२मध्ये उघडलं. आता वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रात प्रक्रिया होऊन माल जातो. त्याचं टिकवण सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मदतीनं साठ दिवसांपर्यंत वाढवण्यात आलं आणि २०२५च्या मार्चमध्ये ४६२० पेट्या, सुमारे १४ टन, जहाजानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचल्या. टिकवणाचा हा प्रश्न किरकोळ नाही. विमानानं पाठवलेलं फळ चवीला उत्तम, पण भाड्यानं कंबर मोडते. बोटीनं स्वस्त, पण सिडनीपर्यंत अडतीस दिवस. फळ तेवढे दिवस तजेलदार राहिलं तरच धंदा, नाहीतर प्रदर्शन.

आणि या सगळ्याचा भार शेवटी बागेवर येतो. निर्यातीच्या बागेची नोंदणी कृषी खात्यामार्फत ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘अनारनेट’वर व्हावी लागते. कोणती फवारणी कधी केली, तोडणीच्या किती दिवस आधी थांबवली, याची वही ठेवावी लागते. फळात औषधाचा अंश मर्यादेबाहेर सापडला की अख्खा माल परत. पॅकहाऊसमधल्या पेटीवरून उलटा माग काढत थेट बागेपर्यंत जाता आलं पाहिजे, ही अट. ज्या तालुक्यात तेल्या आणि मर या दोन रोगांनी गेल्या काही वर्षांत बागाच्या बागा उपटायला लावल्या, तिथे ‘औषध कमी मारा’ असं सांगणं सोपं आणि पाळणं अवघड. तेल्या पावसाळी हवेत पसरतो. म्हणजे नेमका मृग बहार, जो ऑस्ट्रेलियाच्या वेळापत्रकात बसतो, तोच सगळ्यात धोक्याचा. हे त्रांगडं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

याच दोन देशांची दुसरी बाजूही सोलापूर जिल्ह्याला चांगली माहीत असायला हवी. राज्यात साखर कारखान्यांची सर्वात दाट गर्दी याच जिल्ह्यात. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियानं ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्यासह भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली : उसाला सरकार ठरवून देत असलेला भाव आणि साखर निर्यातीला दिलेलं अनुदान नियमांत बसत नाही. तो भाव म्हणजे आपली एफआरपी. १४ डिसेंबर २०२१ रोजी निकाल भारताविरुद्ध लागला. भारतानं अपील केलं, आणि ते ज्या अपील मंडळाकडे केलं ते डिसेंबर २०१९पासूनच बंद पडलेलं आहे, कारण अमेरिका त्यावर नेमणुकाच होऊ देत नाही. प्रकरण तसंच लोंबकळत राहिलं. तारखा लक्षात घ्या : डिसेंबरात निकाल, एप्रिलमध्ये मैत्रीचा करार. क्वीन्सलंडचा ऊसवाला आणि पंढरपूरचा ऊसवाला एकमेकांविरुद्ध, आणि त्यांची सरकारं एकाच टेबलावर. यात विसंगती नाही. देशांचे संबंध असेच असतात. एका खिडकीत भांडण आणि दुसऱ्या खिडकीत देवाणघेवाण.

करारातून भारतानं काय वाचवलं, तेही पाहण्यासारखं आहे. दूध आणि दुधाचे पदार्थ, गहू, तांदूळ, बाजरी, साखर, हरभरा, सफरचंद यांना सवलत नाही. मसुराला दीड लाख टनांपर्यंत अर्धं शुल्क, कापसाला ५१ हजार टनांपर्यंत शून्य, बदाम-संत्री-नासपतीला ठरावीक कोटा. कोळशाला मात्र मोकळी वाट, कारण पोलादाच्या भट्ट्यांना लागणारा कोळसा भारतात पुरेसा नाही. २०२३-२४मध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला सुमारे ८ अब्ज डॉलरचा माल विकला आणि सुमारे १६ अब्ज डॉलरचा घेतला.

पण सवलतीच्या यादीतून वगळलं म्हणजे शेतकरी सुरक्षित झाला, असं समजू नये. हरभऱ्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१७मध्ये दिल्लीनं हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं, मार्च २०१८मध्ये ते ६०वर नेलं, आणि ऑस्ट्रेलियातल्या हरभरा उत्पादकाची बाजारपेठ एका अधिसूचनेनं गेली. मे २०२४मध्ये डाळी महागल्या म्हणून दिल्लीनंच ते शुल्क काढून टाकलं, आणि ऑस्ट्रेलियाचा हरभरा पुन्हा आपल्या बंदरांत आला. करारात हरभरा नव्हता. तो आला आपल्याच सरकारच्या निर्णयानं. रब्बीत हरभरा पेरणाऱ्याला ऑस्ट्रेलियापेक्षा दिल्ली जास्त जवळची आणि जास्त अनिश्चित आहे. माझ्या मते शेतमालाच्या व्यापाराबद्दल आपल्याकडे होणाऱ्या चर्चेत ही गोष्ट सर्वात कमी बोलली जाते. परदेशाशी केलेल्या करारावर मोर्चे निघतात, अधिसूचनेवर निघत नाहीत.

आता आकड्यांची उंची मोजू. २०२३-२४मध्ये भारतातून ७२,०११ टन डाळिंब निर्यात झालं, किंमत ६.९ कोटी डॉलर. त्यापुढे सिडनीची ५.७ टनांची खेप म्हणजे एक लहानसा कंटेनर. सांगोल्याच्या बाजारात डाळिंबाचा भाव आजही सिडनीकडे पाहून ठरत नाही. तो देशातल्या मागणीवर आणि आखात, बांगलादेश, नेपाळ या जवळच्या गिऱ्हाइकांवर ठरतो. बांगलादेशनं आयात फळांवरचं शुल्क वाढवलं, तेव्हा नागपुरी संत्र्याबरोबर आपल्या डाळिंबालाही फटका बसला. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली होती. मालाचा खरा ओघ त्या दिशेचा.

तरीही ही खेप महत्त्वाची आहे, आणि त्याचं कारण टनात नाही. एकदा ऑस्ट्रेलियाच्या किडीच्या परीक्षेत पास झालेली बाग आणि पॅकहाऊस इतर कडक बाजारांसाठी निम्मी तयारी झालेली असते. गिऱ्हाईक देश वाढले की एकाच देशाच्या लहरीवरचं अवलंबित्व घटतं, आणि ते घटणं किती गरजेचं आहे हे ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं तेव्हा सगळ्यांनाच कळलं. चीननं २०२०मध्ये ऑस्ट्रेलियाला शिकवलेला धडा तो हाच होता. फरक एवढाच की सांगोल्याच्या बागायतदाराला त्यासाठी परराष्ट्र खात्याची वाट पाहावी लागत नाही. बहार धरण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन बागेची नोंदणी करावी, आधीची असेल तर तिचं नूतनीकरण करून घ्यावं, आणि पहिल्या फवारणीपासून वही लिहायला घ्यावी. नोंद नसलेल्या बागेचं फळ निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये घेतलंच जात नाही.